बटलरचं नाव

‘जुन्या इंग्रजी रहस्यकथांत संकट नेहमी परक्याच्या रूपात येतं. कधी जिप्सी, कधी हिंदुस्थानातला साप. चीड नाही येत वाचताना?’ दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मला हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

येते. पण तुम्हाला वाटतं तिथे नाही.

फेब्रुवारी १८९२ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आलेली शेरलॉक होम्सची ‘स्पेकल्ड बँड’ ही कथा घ्या. सरे परगण्यातला पडका वाडा, त्यात डॉक्टर रॉयलट आणि त्याच्या जुळ्या सावत्र मुली. आवारात चित्ता आणि बबून मोकळे. दोन्ही म्हणे हिंदुस्थानातून आणवलेले. बबून आपल्याकडे नसतोच, पण असो. पलीकडच्या काटेरी रानात जिप्सींची पालं. लग्न ठरलेली एक मुलगी रात्री मरते आणि मरताना म्हणते, ‘स्पेकल्ड बँड’. स्पेकल्ड म्हणजे ठिपक्यांचा; बँड म्हणजे पट्टा, आणि बँड म्हणजे टोळीसुद्धा. मराठीत हा श्लेष उतरत नाही. ठिपक्यांचे रुमाल बांधणारी जिप्सींची टोळी, असा संशय लगेच येतो. खुद्द होम्सलाही आला होता, आणि त्यापायी आपण भलत्याच वाटेला लागलो होतो हे तो शेवटी कबूल करतो.

खुनी घरातलाच, खुद्द डॉक्टर. बायकोच्या इस्टेटीचं वार्षिक उत्पन्न ११०० पौंडांवरून ७५० वर आलेलं, आणि लग्न झालं की प्रत्येक मुलीला २५० द्यायचे. म्हणून झरोक्यातून पट्ट्यासारखा दिसणारा ठिपक्यांचा साप सोडायचा, खोट्या घंटेच्या दोरीवरून तो उतरणार, शिट्टी मारली की दुधाच्या बशीकडे परतणार. (दुधाला हसू नका. नागपंचमीला आपण काय करतो?)

मग परके सुटले का? अर्धेमुर्धे. घराण्यातला तापटपणा उष्ण प्रदेशात राहून आणखी भडकला, असं वाचलेली मुलगीच सांगते. म्हणजे दोष आपल्या उन्हाचा! जिप्सींची तर कुणी माफीही मागत नाही. त्याच काळच्या इंग्रज राजवटीने १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आणला होता, पुढे आपल्याकडचे पारधीही त्यात भरडले गेले. पालं दिसली की संशय, ही खोड गोष्टीपुरती नव्हती.

मला चीड येते ती एका वाक्याची. कलकत्त्यात असताना घरात चोऱ्या झाल्या, त्या रागात रॉयलटने आपल्या देशी बटलरला मरेस्तोवर मारलं. फाशी थोडक्यात चुकली, तुरुंगवास झाला. कथेतला पहिला खून हा. चोऱ्या त्या बटलरनेच केल्या होत्या का? त्याच्यामागे घरी कोण होतं? नाव काय होतं? कुणी विचारत नाही. डॉक्टर किती संतापी होता एवढं कळण्यापुरता तो मरतो आणि गोष्ट पुढे सरकते.

कितीतरी वेळा वाचलीय ही कथा. पहिल्या वाचनात ते वाक्य माझ्याही नजरेतून सुटलं होतं. हल्ली तिथे थांबते. मग पान उलटतेच, कारण मलाही ती अंधारातली शिट्टी ऐकायची असते.