तेलक्षेत्रातली सहवीजनिर्मिती: खर्च बसवताना आलेला अनुभव

वीज आणि उष्णता एकत्र निर्माण करण्याचा खर्च काढताना मी इंजिनापासून नाही, गॅसच्या भावापासून सुरुवात करतो. तेलाबरोबर वर आलेला गॅस फ्लेअरला, म्हणजे नुसता जाळून टाकायला, जात असेल तर वाचलेल्या घनमीटरचे पैसे कुणी देत नाही. विकला जात असेल तर विक्रीचाच भाव धरायचा. हा आकडा चुकला की पुढचं सगळं गणित फसतं.

मग वीज करणारी गॅस इंजिनं किती चालवायची? समजा १ मेगावॉटची तीन आहेत आणि मागणी १,४०० किलोवॉट. तिन्ही चालवली तर प्रत्येकावर ४७ टक्के भार, कार्यक्षमता साधारण ३५ टक्के. दोनच चालवली तर ७० टक्के भार आणि कार्यक्षमता ३९ टक्क्यांच्या आसपास. घनमीटरमागे १० युनिट (किलोवॉट-तास) उष्णता धरली तर तासाला ४०० ऐवजी ३५९ घनमीटर लागतात, म्हणजे दिवसाला जवळपास हजार वाचतात. गॅस फ्लेअरला जात असला तरी तिसरं बंदच बरं, त्याचे ओव्हरहॉलचे तास वाचतात.

पण दोनातलं एक बंद पडलं तर उरलेल्याला हा भार पेलत नाही. म्हणून फ्रिक्वेन्सी घसरताच किमान ४०० किलोवॉट भार सुटेल असा रिले हवाच, आणि त्यात पहिला नंबर जमिनीखालच्या तेलथरात पाणी सोडणाऱ्या इंजेक्शन पंपांचा. विहिरीतले ईएसपी, म्हणजे तेल वर ढकलणारे बुडीत विद्युत पंप, शेवटपर्यंत धरून ठेवायचे. ईएसपी थांबला की नळीतला द्रव खाली उतरताना पंप उलटा फिरवतो. तेवढ्यात कुणी स्टार्ट दिला तर शाफ्ट तुटू शकतो, आणि पंप वर काढण्याच्या खर्चापुढे वाचलेला गॅस काहीच नाही.

उष्णतेचा पैसा अक्षरशः पाण्यात जातो. १ टन पाणी ४० अंशांनी तापवायला १६८ मेगाज्यूल लागतात, तेवढ्याच तेलाला साधारण निम्मे. त्यामुळे मोकळं पाणी आधी वेगळं करायचं, मगच इमल्शन (तेलात मिसळून राहिलेलं पाणी) हीटर ट्रीटरकडे, म्हणजे तापवून तेल-पाणी वेगळं करणाऱ्या टाकीकडे न्यायचं. ६०–६५ अंशांवर चालणाऱ्या ट्रीटरला इंजिनाच्या जॅकेटचं, म्हणजे त्याला थंड ठेवणारं, ९० अंशांचं पाणी पुरेसं गरम असतं. मात्र मध्ये स्वच्छ पाण्याचं वेगळं सर्किट हवं, नाहीतर उष्णता इकडून तिकडे देणारा एक्स्चेंजर गळला की तेल थेट जॅकेटमध्ये. विहिरीच्या पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट गरम प्लेटवर थर धरतं. प्रवाह तोच असून प्लेटच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक वाढत चालला की सफाईची वेळ झाली. गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असेल तर एक्झॉस्ट १५० अंशांखाली उतरवू नये, नळ्यांवर सल्फ्युरिक आम्ल जमतं.

रेडिएटरमधून हवेत गेलेली उष्णता मी बचतीत धरत नाही. उष्णतेचा मीटर ट्रीटरच्या बाजूला बसवावा, इंजिनाच्या नव्हे.