ग्रास स्ट्रिप अपडेट: नोजव्हील आता वर राहतंय

मंडळी, छोट्या विमानाची गवताच्या धावपट्टीवरची (ग्रास स्ट्रिप) लँडिंग प्रॅक्टिस चालूच आहे आणि मेन व्हील्स टेकल्यावर नोजव्हील (नाकाखालचं चाक) हवेत धरून ठेवणं आता बऱ्यापैकी जमायला लागलंय. फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक वर उचलतो तेव्हा) थ्रॉटल एकदम बंद करायचा नाही, किंचित पॉवर ठेवायची, चाकं अलगद टेकली की मग पॉवर काढायची पण योक (विमानाचं स्टीअरिंग) मागे ओढलेलाच ठेवायचा, आणि स्पीड उतरत जातो तसा एलेव्हेटरचा (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा पडदा) जोर पण उतरतो म्हणून योक आणखी मागे, आणखी मागे, पार स्टॉपला लागेपर्यंत. मग नोज स्वतःहून खाली येतं, आदळत नाही. एवढा खटाटोप का, तर गवताखालचा खड्डा किंवा मऊ माती वरून दिसत नाही आणि सगळ्यात आधी फटका बसतो तो नोजगिअर आणि प्रॉपला (पुढच्या पंख्याला).

अर्थात ती किंचित पॉवर फुकट नाही, तरंगत पुढे जायला होतं. स्ट्रिप मऊ पण लांब असेल तर ठीक, आखूड असेल तर आधी आकडेमोड.

तीच करत बसलो होतो. सेसना १७२एस, फुल वेट, समुद्रसपाटी, स्टँडर्ड तापमान, वारा शून्य: ५० फुटांवरून पूर्ण थांबेपर्यंत १३३५ फूट, त्यात ग्राउंड रोल (टेकल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर) ५७५. विमानाचं हँडबुक म्हणतं कोरड्या गवताला ग्राउंड रोलच्या ४५% वाढवा, ब्रिटनची सीएए (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) म्हणते एकूण अंतराच्या १५% वाढवा. वाचताना वाटतं यांचं एकमेकांशी जमतच नाही, पण करून बघा, एकात साधारण २६० फूट वाढतात आणि दुसऱ्यात २००, म्हणजे फार फरक नाही. खरी गंमत ओल्या गवताची. तिथे सीएएचा ३५%, वर सेफ्टी फॅक्टर १.४३, की आकडा जातो २५७७ वर, जवळजवळ दुप्पट! आणि गवत अगदी बारीक कापलेलं आणि ओलं असेल तर ६०% पर्यंत पण वाढू शकतं म्हणे, कारण चाकं सरळ घसरतात. सकाळचं दव पण ओलंच धरायचं हं, पाऊसच पडायला पाहिजे असं काही नाही.

म्हणून ब्रेकवर माझा भरवसा शून्य, सगळा हिशोब अप्रोच स्पीडवर. १७२एसला शॉर्ट फील्डचे (आखूड स्ट्रिपसाठीचे) ६१ नॉट्स म्हणजे ६१च, "थोडा एक्स्ट्रा असू दे" हे लाड बंद. मागून ६ नॉट्स वारा असला तरी हँडबुकप्रमाणे अंतर ३०% वाढतं, त्यामुळे विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघितल्याशिवाय फायनल (उतरण्याआधीचा सरळ टप्पा) नाही. बहुतेक ठिकाणी पापी लाइट्स (आपण उतरताना वर आहोत की खाली ते दाखवणारे दिवे) नसतात, आणि स्ट्रिप अरुंद असली की आपण आहोत त्यापेक्षा वर आहोत असं वाटून नकळत खाली यायला होतं, तेव्हा झाडं-कुंपणावर नजर पाहिजे. अर्ध्या स्ट्रिपच्या आत चाकं टेकली नाहीत तर गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर), हा माझा स्वतःचा नियम, कुणाला जास्तच कडक वाटेल पण वाटू दे.

टॅक्सीत पण योक मागेच, मऊ जागी मध्ये थांबायचं नाही, नाहीतर चाक रुतलं की पुन्हा हलवायला भरपूर पॉवर लागते आणि प्रॉप खडे उचलतो. पार्क केल्यावर स्पॅट्समध्ये (चाकांवरच्या आवरणांत) हात घालून चिखल-गवत काढतो, आत गच्च बसलं की चाक नीट फिरत नाही.

पुढचं टार्गेट गवतावरचं क्रॉसविंड (आडव्या वाऱ्यातलं) लँडिंग. स्पॅट्स पावसाळाभर काढूनच ठेवणारे कुणी आहेत का इथे? स्पीडमध्ये किती फरक पडतो ते सांगा.