मांडीच्या दुखण्यातून मूत्रपिंडापर्यंत

मूत्रपिंडाचा कॅन्सर मूत्रपिंडाच्या जागी दुखूनच कळतो, हा समज फारसा खरा नाही. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही पुस्तकातली तीन लक्षणे एकत्र असलेला रुग्ण दहांत एकही सापडत नाही. आजार पसरलेला असेल तर पहिली तक्रार अनेकदा तो जिथे पोहोचला तिथली असते; फुप्फुसात गेला तर खोकला, हाडात गेला तर हाडदुखी.

माझ्या मामांचे तसेच झाले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर उभे राहण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे मांडी दुखू लागली तेव्हा कोणालाच त्यात नवल वाटले नाही. त्याआधी मे महिन्यात लघवी लालसर झाली होती. सोलापूरच्या उन्हात अशा वेळी ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि सब्जा, धन्याचे पाणी सुरू करतात. लाली आपोआप गेली. या आजारातले रक्त असेच न दुखता येते आणि थांबते, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते.

एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचा वरचा भाग वाळवीने खाल्ल्यासारखा पोकळ दिसला. अशा हाडाचे मूळ शोधताना सोनोग्राफी झाली आणि डाव्या मूत्रपिंडात गाठ आढळली. मग मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी पाहून, शिरेतून औषध देऊन पोटाचा आणि त्यासोबत छातीचा सीटी स्कॅन झाला, कारण हा कॅन्सर सर्वाधिक वेळा फुप्फुसात उतरतो. मेंदूचा एमआरआय मात्र डोकेदुखी, झटके अशी लक्षणे असल्यास प्रामुख्याने केला जातो. ‘पेट स्कॅन करा, एकदम सगळे कळेल’ असा सल्ला शेजारपाजारच्यांनी पुष्कळ दिला. पण त्यातले नेहमीचे किरणोत्सारी द्रव्य लघवीवाटेच बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड तसेही उजळते आणि गाठ त्यात झाकली जाऊ शकते.

खरी अडचण बायोप्सीपाशी आली. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य आमच्याकडे इतक्या ठामपणे उच्चारले जाते की मामींनी संमतीपत्रावर सही करायला दोन दिवस घेतले. वास्तविक सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचे प्रकार अत्यंत विरळ आहेत, आणि पसरलेल्या आजारात औषध सुरू करण्यापूर्वी पेशींचा प्रकार कळणे अत्यावश्यक असते. हाडातली अशी गाठ रक्ताने भरलेली असते, म्हणून रक्त गोठण्याच्या तपासण्या आधी करून घेतल्या गेल्या. तुकड्यावर ‘पॅक्स-८’ या मूत्रपिंडाकडे बोट दाखवणाऱ्या प्रथिनाचा रंग उमटला. प्रकार निघाला ‘क्लिअर सेल’, म्हणजे या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.

एवढ्यावर निदान पूर्ण झाले असे आम्हाला वाटले, परंतु डॉक्टरांनी साध्या रक्ततपासणीचे कागद पुन्हा मागवले. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता आणि निदान ते औषध यांतले अंतर एक वर्षाहून कमी आहे का, या सहा गोष्टींवरून जोखमीचा गट ठरतो. मामांचे हिमोग्लोबिन उतरलेले, कॅल्शियम चढलेले आणि औषध तर लगेचच सुरू व्हायचे होते. तीन निकष भरल्याने ते अधिक जोखमीच्या गटात गेले आणि औषधांची निवड त्यावरून झाली.