बेळगावातली जुनी मर्सिडीज सी-क्लास: १,६८,००० किलोमीटरची नोंद

मागच्या नोंदीला पाच महिने झाले. गाडी विकली का, असं मध्ये दोघातिघांनी विचारलं. विकलेली नाही, विकायचा विचारही नाही. उलट या पाच महिन्यांत तिची जेवढी ओळख झाली तेवढी पहिल्या वर्षात झाली नव्हती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: २००७ची मर्सिडीज सी २२० सीडीआय डिझेल, म्हणजे सी-क्लासची डब्ल्यू २०३ ही पिढी, पुण्यात जुळवलेली. इंजिन ओएम ६४६, २१४८ सीसी, १५० पीएस. गिअरबॉक्स पाच गिअरचा ऑटोमॅटिक, कंपनीच्या भाषेत ७२२.६. कोल्हापुरातून २,६०,००० रुपयांना घेतली तेव्हा मीटरवर १,५९,००० किलोमीटर होते. आज १,६८,००० आहेत. हे नऊ हजार किलोमीटर बहुतेक बेळगाव-कोल्हापूर आणि बेळगाव-खानापूर या दोन रस्त्यांवरचे.

या वेळी सांगायच्या आहेत त्या दोन दुरुस्त्या. दोन्हींचं पहिलं एस्टिमेट एक लाखाच्या वर होतं. दोन्हींत खराब झालेली वस्तू त्यामानाने अगदी किरकोळ निघाली.

पहिली इंजेक्टरची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाची. घेतल्यापासून सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून चिस्स-चिस्स असा आवाज यायचा, इंजिनच्या ठोक्याला धरून. गरम झाल्यावर आवाज दबायचा, पण गोगटे सर्कलला सिग्नलला थांबलं की एसीच्या झोतातून जळक्या डिझेलचा वास आत यायचा. शहराबाहेरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, आवाज ऐकला आणि चारही इंजेक्टर बदलायचे १,४०,००० सांगितले. कशावरून खराब, असं विचारलं तर उत्तर एवढंच, की गाडी जुनी आहे.

घरी आलो आणि आधी लीक-ऑफ टेस्ट केली. ज्यांनी केली नसेल त्यांनी जरूर करा, कारण तिला काही खर्च नाही. प्रत्येक इंजेक्टर थोडं डिझेल परत पाठवत असतो. ते चार वेगवेगळ्या बाटल्यांत धरायचं आणि कोणती बाटली जास्त भरते ते बघायचं. मी मेडिकलमधून सलाईनच्या नळ्या आणल्या, चार सारख्या बाटल्या बॉनेटच्या कडेला तारेने बांधल्या आणि गाडी आयडलला, म्हणजे जागेवर नुसती चालू ठेवली. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास एकाच पातळीला आलं. इंजेक्टरची आतली झीज मोठी असती तर एखादी बाटली भराभर पुढे गेली असती. फवारा नीट पडतो की नाही हे या टेस्टमध्ये कळत नाही, पण गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू होत होती, ठोकत नव्हती, काळा धूर नव्हता. मग इंजेक्टरवर संशय घ्यायचा कशाला?

इंजिनवरचं प्लास्टिक कव्हर उचललं आणि तिसऱ्या इंजेक्टरभोवती डांबराचा गोळा दिसला. खरोखर डांबरच: काळा, चकचकीत, वरून कडक आणि आत स्क्रू ड्रायव्हर टोचला तर चिकट. या इंजिनांचे शौकीन याला ब्लॅक डेथ म्हणतात. नाव भीतीदायक आहे, कारण साधं आहे. इंजेक्टरच्या टोकाशी तांब्याचा एक पातळ वॉशर असतो. ज्वलनाचा वायू त्या वॉशरने अडवायचा. इंजेक्टर दाबून धरायला नखीसारखा एक क्लॅम्प आणि त्याला एकच बोल्ट. हा बोल्ट ताणून बसणारा, एकदाच वापरायचा. तो पुन्हा वापरला की त्याचा ताण अपुरा पडतो, वॉशरखालून वायू निसटतो, सोबत डिझेल आणि काजळी येते आणि इंजिनच्या गरम हेडवर, म्हणजे माथ्यावर, त्याचं डांबर होतं. माझ्या तिसऱ्या बोल्टच्या डोक्यावर पान्याचे जुने ओरखडे होते. म्हणजे आधीच्या कोणीतरी इंजेक्टर काढून तोच बोल्ट परत घातला होता.

डांबर काढायला चार संध्याकाळी गेल्या. इंजिन कोमट असताना कार्बोरेटर क्लीनर मारायचा, तासभर मुरू द्यायचा आणि लाकडी पट्टीने खरवडायचं. लोखंडी पट्टी वापरू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे. बाकीचे तीन इंजेक्टर हाताने डावी-उजवीकडे हलवत वर आले. तिसरा काही केल्या हलेना. तो पकडीने ओढायचा मोह झाला होता, पण तसं ओढून मोडलेले इंजेक्टर पाहिलेले आहेत.

इथे बेळगावात राहण्याचा फायदा कळतो. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, आमच्या ओळखीचे एक टर्नर मामा आहेत, आयुष्यभर पंपांचे शाफ्ट काढलेले. त्यांच्याकडे इंजेक्टर घेऊन गेलो, म्हणजे बाहेर आलेल्या तिघांपैकी एक. म्हटलं, याच्या माथ्यावरच्या आट्यांना बसेल असा अडॅप्टर पाहिजे, वर स्लाइड हॅमर, म्हणजे सरकत्या वजनाच्या ठोक्यांनी ओढणारा हातोडा, लावायचाय. त्यांनी इंजेक्टर उजेडात धरला, नखाने आटे चाचपले, थ्रेड गेज लावून बघितला आणि ईएन २४ पोलादाचा एक तुकडा लेथला लावला. चिप निळी होऊन वेटोळं घेत खाली पडत होती. काम करता करताच म्हणाले, "जोरात मारू नकोस रे. बारीक बारीक मार, लई वेळ मार. अडकल्यालं जोरानं मोडतंय, दमानं सुटतंय." वीस मिनिटांत अडॅप्टर हातात. पैसे द्यायला गेलो तर आधी इंजेक्टर काढून ये म्हणाले.

मामांनी सांगितलं तसंच केलं. हलके ठोके, मध्ये क्लीनर, पुन्हा हलके ठोके. दीड तासाने आवाज बदलला. इतका वेळ टणटण येत होता तो एकदम भरीव झाला आणि इंजेक्टर दोन मिलिमीटर वर सरकला. त्या क्षणी मी हॅमर खाली ठेवला आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

बसवतानाचा भाग जास्त महत्त्वाचा, म्हणून नीट लिहितो. वॉशर जिथे टेकतो ती सीट कटरने साफ करायची. कटरला भरपूर ग्रीस लावायचं म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. सिलिंडरकडे जाणारं भोक आधी बुजवायचं आणि शेवटी उरलेला कीस बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. टॉर्च मारल्यावर सीट सगळीकडून सारखी चमकली पाहिजे, एकही काळा डाग नको. मग बोल्टचं भोक. त्याच्या तळाला कार्बन साचलेला असतो. तो राहिला तर बोल्ट तळाला टेकतो, पान्याला आवळल्यासारखं लागतं, पण क्लॅम्प सैलच राहतो. चार महिन्यांनी पुन्हा डांबर येतं ते बऱ्याचदा यामुळे. नवा बोल्ट आधी ७ न्यूटन-मीटरला, म्हणजे जेमतेम आवळलेला, आणि मग कोनात, म्हणजे ठरलेले अंश आणखी, फिरवायचा. खरा ताण त्या कोनातून येतो. कोनाचा आकडा आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्या. काढलेला इंजेक्टर ज्याच्या त्याच्या सिलिंडरमध्ये परत गेला पाहिजे, म्हणून काढतानाच नंबर घालून ठेवा.

चार वॉशर, चार बोल्ट, कटर, खास ग्रीस, क्लीनरचे डबे आणि मामांनी शेवटी घेतलेले पैसे मिळून ६,४०० रुपये झाले. १,४०,००० सांगितलेल्या कामाचे.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. मार्चमध्ये निपाणीहून परत येताना, दुपारी दोनचं ऊन, वंटमुरी घाटात गाडी दुसऱ्या गिअरला अडकली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही. बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली, सगळं ठीक. काकतीच्या अलीकडे पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी व्यवस्थित.

एका ठिकाणी विचारलं तर गिअरबॉक्स उतरवून खोलायचा, १,८०,००० लागतील असं उत्तर मिळालं. पण लक्षण काय सांगतंय ते बघा. फक्त गरम झाल्यावर होतं आणि चावी फिरवली की जातं. क्लचच्या प्लेटा झिजल्या असत्या तर चावीने बऱ्या झाल्या नसत्या. ७२२.६ला काही विजेची अडचण दिसली की तो स्वतःला वाचवायला दुसरा गिअर धरून बसतो. त्याच्या पोटात व्हॉल्व्ह बॉडीवर, म्हणजे ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागावर, विजेच्या जोडण्यांची एक कंडक्टर प्लेट असते, तिच्यावर वेग मोजणारे दोन सेन्सर, एन २ आणि एन ३. वय झालं की हे सेन्सर गरम तेलात मध्येच दगा देतात. मित्राचा स्कॅनर लावून दोघं हायवेला गेलो, तो लॅपटॉपवर आकडे बघत आणि मी चालवत. हत्तरगीच्या पुढे एन ३चा आकडा क्षणभर शून्यावर आला आणि त्याच क्षणी गाडीने दुसरा गिअर धरला. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

प्लेट मागवायच्या आधी आणखी एक जागा बघायची असते: गिअरबॉक्सच्या कडेचा तेरा पिनांचा प्लग. त्याच्या ओ-रिंगा कडक झाल्या की ऑइल पाझरतं आणि वायरींच्या आतून चढत चढत कंट्रोल युनिटपर्यंत, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत, पोहोचतं. माझा प्लग बोटाला ओला लागला. युनिटची बाजू सुदैवाने कोरडी होती. अजून एक उन्हाळा काढला असता तर युनिटही गेलं असतं.

काम एका रविवारचं. पॅनचे सहा बोल्ट, फिल्टर, व्हॉल्व्ह बॉडी खाली, जुनी प्लेट काढून नवी. पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी दोन्हींचे बोल्ट ८ न्यूटन-मीटरलाच आवळायचे, त्यामुळे छोटा टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, हाताशी हवा. पॅनमधून निघालेलं ऑइल काळं, जळक्या वासाचं. पूर्वीच्या मालकाला कोणीतरी हे ऑइल आयुष्यभराचं आहे असं सांगितलं होतं. सुरुवातीच्या काळात तसं म्हणतही असत. नंतर ६०,००० किलोमीटरला बदला असं आलं, पण ते जुन्या मालकांपर्यंत पोहोचलंच नाही. या गिअरबॉक्सला कायमची डिपस्टिक नसते, वेगळी विकत घ्यावी लागते, आणि पातळी बघायची ती ऑइल ८० अंशांवर असताना. थंड गाडीत आकडा बघून भरणाऱ्याच्या हाती गिअरबॉक्स देऊ नका.

प्लेट १३,५००, प्लग १,२००, आठ लिटर ऑइल ७,२००, फिल्टर आणि गास्केट २,१००. एकूण २४,०००. त्यानंतर वंटमुरी घाट भर मे महिन्यात सहा वेळा चढलो, एकदाही अडकली नाही.

बाकी खर्च पटकन सांगतो. पुढचे खालचे आर्म आणि बुश १९,०००, चार टायर २८,०००, बॅटरी ९,५००. यांत वाईट वाटण्यासारखं काही नाही, कोणत्याही वीस वर्षांच्या गाडीला हे लागतंच. पावसाळ्याच्या तोंडाशी वायपरखालच्या पन्हाळीतली जांभळाची पानं काढायला मात्र विसरू नका. तिथलं भोक तुंबलं की पाणी केबिनमध्ये उतरतं. खानापूरकडच्या पावसात एका रात्रीत गालिचा भिजतो आणि मग वायरिंगमागे लागावं लागतं.

सीमेवरच्या आपल्या लोकांसाठी कागदांचं वेगळं सांगायला हवं. पाहुणे चंदगड-गडहिंग्लजला, बाजार कोल्हापूरला, त्यामुळे एमएच ०९ची गाडी बेळगावात फिरवण्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. पण गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथली नोंदणी करावी लागते आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं ते वेगळंच, आणि एप्रिल २०२२पासून मोटारीची ती फी ६००वरून ५,००० झाली. मी कोल्हापूरची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हातात आल्यावरच उरलेले पैसे दिले. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, त्यामुळे तिकडच्या गाड्या फार स्वस्तात दिसू लागल्या. घ्यायला हरकत नाही, पण एनओसी, टॅक्स आणि वाहतूक धरून किंमत काढा, आणि सर्व्हिसची बिलं नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, परत या.

गेल्या महिन्यात एका मित्रासोबत २०१०ची बीएमडब्ल्यू ३२० डी बघायला गेलो. गाडी शांत, स्वच्छ, चालवायला माझ्या गाडीपेक्षा सरस. तरी मी त्याला एकच गोष्ट समजावली. तिच्या एन ४७ इंजिनची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिला हात लावायचा तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणजे चेन बदलल्याचं बिल असलेली गाडी आणि नसलेली गाडी या दोन वेगळ्या किमतीच्या वस्तू आहेत. त्याने मालकाला बिल मागितलं. मालक शोधतोय.

आता पुढचं काम. हायवेला उतारावर तापमानाचा काटा ७०च्या आसपास घसरतो आणि चढाला पुन्हा वर येतो. थर्मोस्टॅट उघडाच राहतोय, बहुतेक. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नवा मागवलाय, तो परवा आला. रविवारी पावसाने उघडीप दिली तर अंगणात कूलंट काढणार, नाहीतर पुढच्या रविवारी. बसवल्यावर त्याच घाटातून जाऊन येतो आणि काटा कुठे थांबला ते लिहितो.