पाणी चालेपर्यंत: अंदमानात जीटीमागे एक हंगाम

गेल्या डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत मी अंदमानात पाहुण्यांना गळाच्या मासेमारीला नेणाऱ्या एका चार्टर बोटीवर ‘दुसरा गाइड’ होतो. दुसरा गाइड म्हणजे गाठी मारणारा, गळ काढणारा आणि ओकणाऱ्या पाहुण्याचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवणारा. पाणी ओळखायचं काम कॅप्टनचं. आमचा कॅप्टन मायाबंदरकडचा, करेन समाजातला. 1925 च्या सुमारास ब्रह्मदेशातून ही मंडळी इथे वसली, त्यामुळे उत्तर अंदमानातल्या खडकांशी त्यांची ओळख पिढ्यांची आहे. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही. सोळा फेऱ्या झाल्या, बहुतेक चार-पाच दिवसांच्या. पुढच्या हंगामात ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, तेव्हा सूर्यास्ताची वर्णनं गाळली आहेत.

लोक इथे येतात ते मुख्यतः जीटीसाठी, म्हणजे जायंट ट्रेव्हली, प्रवाळाच्या कडेला शिकार करणारा मोठा मासा. जपानच्या तोकारा बेटांजवळ 2006 मध्ये 72.8 किलोचा मिळाला, तो विश्वविक्रम. आमच्याकडे वीस किलोचा आला की पाहुणा खूश, तीसच्या वरचा आला की दादा हसायचा. हंगामात तो चार वेळा हसला.

आधी महिन्यांचं बोलू. नोव्हेंबर बेभरवशाचा, बंगालच्या उपसागरातली वादळं तेव्हा फिरत असतात. डिसेंबरही पूर्ण सुरक्षित नाही. डिसेंबर 2016 मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते. (ही बेटं आता स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम. कागदोपत्री नवी नावं, बोलण्यात बहुतेक जुनीच.) जानेवारीत ईशान्येचा वारा पूर्वेकडच्या पाण्याला कुरतडत असतो, मग बोट बेटांच्या आडोशाला पश्चिमेकडे सरकते. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र काचेसारखा असतो आणि मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे येऊन दुकान बंद करतात. माझं मत विचाराल तर मार्च. पण महिना कुठलाही घ्या, बोटीचा शेवटचा दिवस आणि परतीचं विमान यांच्यात एक दिवस रिकामा सोडा. जानेवारीत दोघा पाहुण्यांनी तो सोडला नव्हता. त्यांची शेवटची दुपार मासेमारीत नव्हे, फोनला रेंज शोधण्यात गेली.

महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची, आणि हे मला तिथे जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी कोकणातला. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते, हे लहानपणापासून ऐकलेलं. पहिल्याच दिवशी दादासमोर ते गणित करून दाखवलं आणि तोंडघशी पडलो, कारण प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत पोर्ट ब्लेअरच्या वेळा मिळतात, त्या घ्या. बाकी नियम मात्र आपलेच: दिवसाला दोन भरत्या, रोज साधारण पाऊण तास उशीर, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. भांगाला एक मीटरसुद्धा नाही.

या चढउतारानं होतं काय? प्रवाळाची कड एका बाजूला उथळ, दुसऱ्या बाजूला सरळ खोल. भरतीचं पाणी चालू लागलं की ते या कडेवर आदळतं. लहान माशांचे थवे त्या धक्क्यात विस्कळीत होतात आणि जीटी बरोबर त्या बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. त्याला पोहायचे कष्ट नकोत, खाणं आपोआप तोंडाशी यावं. पाणी थांबलं की तो निघून जातो, नाहीतर पडून राहतो. मग तुम्ही त्याच्या डोक्यावर पन्नास वेळा पॉपर (पाण्यावर आवाज करणारं नकली आमिष) आपटा, काही होत नाही. दादा याला ‘मरा हुआ पानी’ म्हणायचा.

आता पाहुणा काय करतो पाहा. पहाटे उठतो (अंदमानात उजाडतं लवकर आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधारायला लागतं, घड्याळ भारताचं असलं तरी सूर्य नाही). सहाला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा राहतो आणि दीडशे ग्रॅमचा पॉपर जिवाच्या आकांतानं फेकत सुटतो. दहा वाजेपर्यंत शंभरेक फेका होतात. खांदे जातात, तळहात सोलतात. साडेअकराला पाणी चालू लागतं तेव्हा तो सावलीत बसून फोटो बघत असतो. सोळा फेऱ्यांत मी हे इतक्यांदा पाहिलं की पुढेपुढे मी सकाळीच सांगायला लागलो. ऐकायचे थोडे. पैसे भरून आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणणं अवघड असतं. दादा मात्र सरळ म्हणायचा, “अभी मत मारो भाई, हाथ बचाओ.”

तेव्हा पहिला सल्ला: बुकिंग करताना पंचांग उघडा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आधीचे तीन-चार दिवस मला सर्वांत आवडले. अगदी उधाणाच्या दिवशी पाणी इतकं धावतं की एका कडेवरून बोट दोन मिनिटांत वाहून जाते, पुन्हा वर जा, पुन्हा वाहा. भांगाच्याच तारखा मिळाल्या तर फेरी वाया गेली असं नाही. त्या दिवसांत साठ ते शंभर मीटर खोलीत दोनशे-तीनशे ग्रॅमचे जिग (धातूची जड आमिषं) सोडून डॉगटूथ टूना शोधता येतो, कारण पाणी संथ असल्यानं जिग सरळ खाली जातो. मानेला आणि कमरेला ते पॉपरपेक्षा वाईट, एवढं लक्षात असू द्या.

सामानाचं थोडक्यात. सात-आठ फुटी पॉपिंग रॉड, 14000 ते 20000 आकाराचं रीळ, पीई 8 किंवा 10 जाडीची ब्रेड (विणलेली मुख्य दोरी), पुढे आमिषाकडे दीडशे ते दोनशे पौंडांचा लीडर (जाड दोरीचा तुकडा). तीनशे मीटर ब्रेड पुरते. पॉपर दोन-तीनच आणा, पण त्यांना तीनतोंडी गळ नको. जाड तारेचे एकेरी गळ लावा आणि त्यांच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पक्कडीनं दाबून या. फेब्रुवारीत रेड बास जातीच्या एका लहान माशानं उसळी मारली आणि पॉपरच्या तीनतोंडी गळातलं एक टोक माझ्या दंडात गेलं. काटा दाबलेला होता म्हणून चिमट्यानं निघालं. नसता, तर सर्वांत जवळचा दवाखाना बोटीनं साडेतीन तास दूर होता. त्या संध्याकाळी बोटीवरचे सगळे काटे मी एका बैठकीत दाबले.

ब्रेड आणि लीडर जोडायची एफजी गाठ डोळे मिटून मारता यायला हवी. हे मी अनुभवानं सांगतोय आणि अनुभव माझ्याच चुकीचा आहे. मार्चच्या सुरुवातीला एका पाहुण्याचा लीडर खरचटला होता. पाणी ऐन चाललेलं, तो घाई करतोय, बोट डोलतेय. मी अठरा वेढ्यांऐवजी बारा-तेरा मारले आणि नीट ओढून न बघताच दिलं. तिसऱ्या फेकीला पाणी फाटलं. मासा आम्ही सगळ्यांनी पाहिला, पाठ काळपट, डोकं बादलीएवढं. पाच सेकंदांत रॉड सरळ झाला. दोरीचं टोक आलं ते तुटलेलं नव्हतं, कुरळं होतं, म्हणजे गाठ सरकली होती. पाहुणा काही बोलला नाही. दादानं ते टोक हातात घेऊन पाहिलं आणि माझ्याकडे न बघता इंजिन सुरू केलं. बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून प्रत्येक गाठ पायाच्या तळव्याला दोरी गुंडाळून, अंगाचं वजन टाकून ओढतो. तुम्हीही तसंच करा, आणि शक्यतो आदल्या रात्री, पाच-सहा लीडर जोडून ठेवा.

पॉपर फेकण्याआधी मागे बघा आणि मोठ्यानं सांगा. नाळेवर एका वेळी दोघेच. पॉपर पडला की लांब ओढ, मग थांबा. नवखे लोक थांबतच नाहीत. ‘ब्लूप’ आवाज होतो तो माशाला बोलावण्यासाठी, पण तो झडप घालतो ती बहुतेकदा थांबलेल्या पॉपरवर.

झडप पडली की पहिली दहा सेकंदं तुमची नाहीत, कॅप्टनची आहेत. मासा थेट प्रवाळात घुसायला बघतो. ब्रेड दगडाला नुसती घासली तरी संपली. कॅप्टन बोट खोल पाण्याकडे खेचतो, आणि तुम्ही फक्त रॉड खाली, कमरेच्या पट्ट्यात रोवून उभं राहायचं. रॉड उभा उचलून फोटोसारखी कमान करू नका, कार्बनचा रॉड तिथेच मोडतो. दोन मोडले हंगामात, दोन्ही असेच. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आधीच वजनकाट्यानं दहा-बारा किलोला बसवून घ्या. मासा लागल्यावर चाकी फिरवत बसायचं नाही.

एक गोष्ट नकाशांबद्दल. फोनमधल्या जुन्या सागरी नकाशांवर विसंबून कॅप्टनशी वाद घालणारे दोन पाहुणे आले. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर आणि पश्चिम अंदमानचा किनारा वर उचलला गेला, कित्येक प्रवाळ कायमचे उघडे पडले, आणि पोर्ट ब्लेअरची बाजू साधारण मीटरभर खचली. त्याआधीच्या मोजणीवरून पाणी किती खोल हे ठरवणं म्हणजे बोटीचा तळ पणाला लावणं.

मासा वर आला की आम्ही सोडतो, प्रत्येक. काही पाहुण्यांना हे पटत नाही. मोठा जीटी खायला तसाही फारसा चांगला नाही, आणि प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेरा नावाचं विष साठू शकतं, जे शिजवून जात नाही. रेड बासबाबत हे विशेष. एका हातानं शेपटीचं मूळ, दुसरा हात पोटाखाली, मासा आडवा. जबड्याला टांगून उभा धरायचा नाही. एक फोटो, फार तर अर्धा मिनिट, मग डोक्याच्या बाजूनं पाण्यात. शार्क आसपास असतील तर तिथे मासेमारीच थांबवायची. एप्रिलमध्ये एका कडेवर लागोपाठ तीन मासे अर्धे होऊन वर आले. दादानं काही न बोलता जागा सोडली.

अंगाचं सांगायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेला कापड, पोलराइज्ड गॉगल, हातमोजे. उलटीची गोळी निघायच्या आदल्या रात्री घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पाण्यात क्षार टाकून पीत राहा. संध्याकाळी वाळूवर जाणार असाल तर सँडफ्लायसाठी पाय झाका. त्यांचं खाजणं डासापेक्षा आठवडाभर जास्त टिकतं. रॉडची नळी विमानात जाते का, किती लांब चालते, हे तिकीट काढण्याआधी विचारा. गळ, पक्कड आणि शिशाचे जिग हातातल्या पिशवीत ठेवू नका.

नियमांत सवलत मागू नका. उत्तर सेंटिनेल बेटाच्या वाटेला जायचंच नाही. आदिवासींसाठी राखीव क्षेत्रं 1956 च्या नियमावलीनं बंद आहेत आणि गाइडला ‘थोडं लांबून दाखव’ म्हणणारा पाहुणा त्याचा परवाना धोक्यात घालतो. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणजे गळ टाकायची जागा नव्हे. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र परवानगीशिवाय भारतात आणू नका, परदेशातून येणाऱ्या मित्रांना हे मुद्दाम कळवा. आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा कितीही मेलेला दिसला तरी खिशात नको, 1972 चा वन्यजीव कायदा त्याला लागू आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

शेवटची फेरी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. एक साठीचं जोडपं होतं. काका पहाटेपासून नाळेवर. काकू मागे सावलीत टोपी तोंडावर घेऊन झोपलेल्या. अधूनमधून टोपी बाजूला करून त्या एवढंच विचारायच्या, “चाललं का?” मी म्हणायचो, “नाही अजून.” पुन्हा टोपी. दुपारी तीनच्या सुमारास दादानं इंजिन हळू केलं, कडेवर पाण्याला सुरकुत्या पडायला लागल्या होत्या. मी म्हटलं, “काकू, चाललं.” त्या उठल्या, हातमोजे चढवले, माझी गाठ स्वतः ओढून पाहिली आणि नाळेवर गेल्या. फेक फार लांब जात नव्हती, पण थांबायच्या बरोबर. सातव्या फेकीला लागला. चोवीस किलो. काका कॅमेरा धरून होते, त्यांचे हात थरथरत होते, उत्साहानं की सकाळच्या दोनशे फेकांनी, कोण जाणे.

परतताना नैर्ऋत्येकडून लांब, संथ लाट यायला लागली होती. काकूंनी विचारलं, पुढच्या वर्षी कधी यावं? मी मार्च म्हणालो. दादा सुकाणूवरून वळला.

“मार्च में पूर्णिमा कब है?”