हात आपोआप जातो

रविवार, वेंगुर्ले

परवा ओल्या काजूच्या बिया सोलताना बोटांना खोबरेल चोपडले होते, तरी चीक मनगटापर्यंत पोचलाच, आणि आज तेथे बारीक पुरळ उठून एकसारखी खाज सुटली आहे. सासूबाईंचे म्हणणे, "जेका आंब्याचो चीक बाधता, तेका काजूचोय बाधता." ते खरेच आहे, काजूच्या टरफलातील तेल आणि आंब्याचा चीक यांतील दाहक द्रव्ये एकाच जातीची असतात, आणि त्यांच्यावरची शरीराची प्रतिक्रिया बहुधा एकदोन दिवसांनी उमटते.

दुपारभर उत्तरपत्रिका तपासायला बसले. कंबरदुखी माझी जुनी सोबतीण असून तिच्यासकट मी तासन्‌तास काम करते, कारण बसण्याची एक विशिष्ट ठेवण सापडली की ती निमूट बसते. वेदनेचे कामच चालू कामात व्यत्यय आणून धोक्याकडे लक्ष वळवणे हे आहे, असे एकल्स्टन आणि क्रॉम्बेझ या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडले. परंतु धोका नवा नाही हे मनाला पटले, की निदान माझी वेदना तरी मागे सरते. खाजेशी असा करार होत नाही. वेदना झाली की हात मागे येतो, खाज सुटली की तो तेथेच जातो, म्हणजे खाज केवळ लक्ष मागत नाही, हातातील लेखणीही मागते. हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० मध्ये खाजेची व्याख्याच 'खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना' अशी केली होती, आणि त्या व्याख्येत मला तरी अजून काही उणे दिसत नाही.

खाजवल्याने बरे वाटते, कारण नखांची सौम्य वेदना मज्जारज्जूच्या पातळीवर खाजेचा संदेश काही काळ दाबून टाकते. मात्र त्वचा दुखावली की दाह वाढतो आणि खाज पुन्हा उसळते. ॲलर्जीची गोळीही येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण गोळी हिस्टामिनला अडवते आणि चिकाची खाज मुख्यतः त्यामुळे होतच नाही. खाजकुयलीच्या कुसळांचेही तेच. त्यांतील म्युकुनेन नावाचे विकर वेगळ्या मार्गाने मज्जातंतूंना डिवचते. (हे लिहितानाच मान खाजू लागली. कंबरदुखीविषयी लिहून माझी कंबर कधी दुखली नाही.)

मला खुपते ते हे, की वेदनेला जेवढा मान आहे तेवढा खाजेला नाही. कंबर धरून बसले तर घरातले चहा आणून देतात. मनगट खाजवताना दिसले तर "खाजवू नको" एवढेच ऐकू येते. वास्तविक आज मुलांच्या निबंधांना खरा धोका खाजेचाच होता. लांब वाक्याच्या मध्यावर हात सुटे, वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागे, आणि त्या चिडीचा भार नकळत कोणाच्या तरी गुणांवर पडेल अशी भीती वाटे. गुणांची बेरीज करताना मात्र खाज जवळजवळ जाणवली नाही. आकडा सुटू नये म्हणून मन इतके गुंतलेले होते, की मनगटाकडे वळायला त्याला सवडच नव्हती. निबंधात मन जरा मोकळे राहते आणि तेवढी फट खाजेला पुरते.

म्हणून थंड पाण्याची पट्टी बांधून आज फक्त गुणतक्ते पुरे करते. राहिलेले निबंध पुरळ बसल्यावरच हाती घेईन.