रेषेच्या अलीकडे

शर्यतीत डॉक्टर म्हणून बसायचं तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी लागते. माणूस शेवटच्या रेषेच्या पलीकडे, म्हणजे शर्यत संपवून कोसळला तर बहुतेकदा फार घाबरायचं कारण नसतं. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. माणूस गपकन थांबला की ते ढकलणं थांबतं, रक्त पायांत उतरतं, रक्तदाब घसरतो आणि अंधारी येते. आडवं करायचं, पाय वर धरायचे. थोड्या वेळात गडी उठून चहा मागतो. पण रेषेच्या अलीकडे, पळता पळता कोसळला, तर मग हृदय, रक्तातली साखर, रक्तातलं सोडियम, उष्माघात सगळंच मनात धरावं लागतं आणि हातात वेळ फार थोडा असतो.

हे मी आयोजकांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय टी-शर्टच्या रंगावर गेला.

शर्यत दहा किलोमीटरची. कोल्हापुरात रंकाळा टॉवरपासून गगनबावडा रस्त्याने फुलेवाडीच्या पुढं जायचं आणि त्याच वाटेनं परत. गोळा होणारा पैसा गरीब रुग्णांच्या डायलिसिससाठी. माझा दवाखाना पेठेत, आयोजकांपैकी निम्मे माझे पेशंट, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मी फक्त एक अट घातली: माणूस मानेपर्यंत बुडेल असं भांडं आणि भरपूर बर्फ हवा.

"मॅडम, दहा किलोमीटरला कोण मरतंय हो?" खजिनदार म्हणाले.

मी त्यांना फॅलमाउथची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं समुद्रकाठचं लहान गाव. तिथं १९७३ पासून ऐन ऑगस्टात सात मैलांची, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटरची शर्यत होते. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदी २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. उष्माघाताचे २७४ रुग्ण आणि मृत्यू एकही नाही, कारण प्रत्येकाला जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बुडवलं होतं. अंतर कमी म्हणून धोका कमी, असं उष्माघातात नसतं. उलट कमी अंतरात माणूस जोरात पळतो आणि जोरात पळणाऱ्याचं अंग जास्त तापतं.

खजिनदार गप्प झाले, पण टबाचं भाडं ऐकून पुन्हा बोलू लागले. शेवटी तोडगा मंडळाच्या आचाऱ्यानं काढला. महाप्रसादाचा भात ज्यात शिजतो ती काहील. महापुरात माणसं काहिलीत बसून पाणी पार करतात, तर एक माणूस तीत का बसणार नाही? बर्फाचा प्रश्नही मिटला. पळून आलेल्यांना थंड ताक देणार होते, त्यासाठी लाद्या येणारच होत्या.

ऑक्टोबरातला रविवार. पावसाळा सरला होता, पण हवेतली ओल गेली नव्हती. सुरुवात सहाला ठरलेली. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला. त्यांचा हसरा फोटो असलेला भलाथोरला फ्लेक्स मात्र वेळेवर लागला होता. झेंडा हलला तेव्हा सात वाजून गेले होते आणि ऊन चटके देऊ लागलं होतं.

पळणारे मात्र बघत राहावे असे. नऊवारी, नथ आणि स्पोर्ट्स शूज अशा थाटातल्या भिशीच्या बायका. दोन तालमींची फुटबॉलवाली पोरं, शाहू स्टेडियमवरची खुन्नस इथंही घेऊन आलेली. मनगटावर महागडी घड्याळं बांधलेला रनिंग ग्रुप; ही मंडळी शर्यत संपली की घड्याळात अंतर जास्त भरलं म्हणून आयोजकांशी हुज्जत घालतात. (वळणं बाहेरच्या अंगानं घेतली की अंतर वाढणारच, त्यात उपग्रहाचं मोजमाप थोडं इकडं तिकडं होतं. पण सांगतंय कोण?) एक निवृत्त वस्ताद, "नुसतं चालणार" म्हणून आलेले आणि शिट्टी वाजताच पळत सुटलेले. आणि सगळ्यांत पुढं, गाजावाजा न करता उभी राहिलेली भरतीची पोरं. आसपासच्या तालुक्यांतून आलेली, अकादमीत राहणारी, पोलीस नाहीतर आर्मी एवढाच विचार डोक्यात. पोलीस भरतीत सोळाशे मीटरवर गुण ठरतात, त्यामुळे सेकंदाची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

पहिल्या तिघांना रोख बक्षीस होतं. मदतीसाठीच्या शर्यतीत ते ठेवू नये, असं माझं मत तेव्हाही होतं. ज्याला पैशाची खरी गरज असते तो आजारी असला तरी पळतो.

पहिला आला, टाळ्या झाल्या. दुसरा लांबून दिसत होता. निळी बनियन, वय विशीच्या आसपास. रेषेपासून दीडेकशे मीटरवर त्याची चाल बदलली. पाय फाकले, मान मागं गेली आणि तो रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जाऊ लागला. लोक ओरडत होते, "चल भावा, आलास की!" मी खुर्ची सोडून पळाले. पोचेपर्यंत तो आडवा झाला होता.

"नाव काय तुझं?"

"सर, गोळाफेक झाली माझी," तो म्हणाला आणि माझा हात जोरानं झटकला. तो रंकाळ्यावर नव्हताच, भरतीच्या ग्राउंडवर होता.

भोवती माणसं जमली. कोणी कांदा आणा म्हणालं, कोणी चप्पल हुंगवा. एकानं तोंडात पाणी ओतायला बाटली उघडली, ती मी काढून घेतली. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. "घाम हाय की अंगाला, ऊन न्हाई लागलेलं," असंही कोणी ठामपणे सांगितलं. उन्हात बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडते हे खरं, पण पळून उष्माघात झालेला बहुधा घामानं निथळत असतो. बोटातून साखर तपासली, ठीक होती. राहिलं तापमान. ते काखेत किंवा कपाळावर मोजून उपयोग नसतो, घाम आणि वारा खोटं बोलतात. गुदद्वारातूनच मोजावं लागतं. भर रस्त्यात विशीतल्या पोराची चड्डी उतरवायची कशी? भिशीच्या बायका अजून वाटेवरच होत्या, नाहीतर त्यांनी आडोसा धरला असता. माझ्या कंपाउंडरनं इकडं तिकडं बघितलं आणि सरळ प्रमुख पाहुण्यांचा फ्लेक्स काढून आणला. चौघांनी तो भोवती धरला. पाहुणे आतल्या बाजूनं हसत होते.

आकडा आला ४१.४ अंश सेल्सिअस.

अॅम्ब्युलन्स दारं उघडून उभी होती. अकादमीचे सर धावत आले. "मॅडम, काय करालाय? आधी दवाखान्यात न्या. पोराला काय झालं तर जबाबदार कोण?"

"मी," म्हटलं. "आधी काहील."

त्यांचा राग मला कळत होता. गाडीत घालून सायरन वाजवला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण आत बर्फाचं पाणी नव्हतं, आणि रविवारच्या गर्दीतून जाऊन, केसपेपर काढून, कोणी हात लावेपर्यंत अर्धा तास सहज गेला असता. तोच अर्धा तास मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडं वाचवायचा असतो. अशा वेळी आधी थंड करायचं, मग हलवायचं.

चौघांनी उचलून त्याला काहिलीत ठेवला. आचाऱ्यानं लादी फोडून बर्फ ओतला. डोकं पाण्याखाली जाऊ नये म्हणून काखेतून पंचा घालून दोघांनी वर धरला. कंपाउंडर पाणी ढवळत राहिला. ढवळलं नाही तर अंगाभोवती कोमट पाण्याचा थर बसतो. पोरगा शिव्या देत होता, हातपाय झाडत होता. तापमापी जागेवरच होती. ४१. ४०.६. ४०.

एवढ्यात रेषेवर आरडाओरडा. वस्ताद शर्यत संपवून, दोन्ही हात वर करून कोसळले होते. मी काहिलीपाशीच होते. तिथूनच ओरडले, "रेषेच्या अलीकडं की पलीकडं?"

"पलीकडं!"

"शुद्धीवर आहेत? छातीत दुखतंय का विचारा!"

"न्हाई म्हणालेत! शिव्या द्यालेत!"

"मग पाय वर धरा."

दहा मिनिटांत वस्ताद ताक पीत माझ्या शेजारी उभे होते आणि पोराला कसं धरावं यावर सूचना करत होते.

३८.९ ला मी त्याला बाहेर काढलं. त्याखाली पाण्यात ठेवलं तर अंग नंतरही उतरत राहून फार गार पडतं. तो कुडकुडत होता, एकदा ओकला आणि मग पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग गाडी गेली.

तीन दिवसांपूर्वीपासून ताप होता, हे दवाखान्यात कळलं. गोळी खाऊन तो दाबला होता. सकाळी पोटात काही नव्हतं आणि बक्षिसातून अकादमीच्या मेसची बाकी भागवायची होती. स्नायूंचे आणि यकृताचे रिपोर्ट बिघडले होते, मग हळूहळू उतरले.

घरी सोडल्यावर तो भावाबरोबर माझ्याकडं आला. आभार मानायला आला असावा, असं मला वाटलं. त्याला हवं होतं तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट. भरतीचं ग्राउंड तोंडावर आलं होतं. मी समजावलं की अजून काही दिवस पूर्ण विश्रांती, मग रक्त पुन्हा तपासायचं, ते नीट आलं तर सकाळच्या गारव्यात थोडं थोडं पळायचं आणि वेग त्यानंतर. इतक्यात जोर केला तर पुन्हा तेच होऊ शकतं, आणि ग्राउंडवर काहील नसते.

"तवर भरती संपली की," तो म्हणाला. "तुमचं काय जातंय मॅडम, एक सही तर करायची."

भाऊ त्याला दटावू लागला. मी त्याला थांबवलं. पोराचं खोटं नव्हतं, माझं काहीच जात नव्हतं. वर्ष त्याचं जाणार होतं. फाईल मिटून त्याच्या हातात दिली. सही केली नाही.